किंमत काढायला बोलावलं होतं

खणभागातल्या बोळात, तळमजल्यावर,
कमलश्रीकाकींनी सतरंजी अंथरली
आणि लोखंडी कपाटातून एकेक डबा आणून टेकवला,
बाळंतिणीला धरून बसवावं तसा, दोन्ही हातांनी.

भूपाल मगदूम. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी.
जन्मभर बोटं पिवळी,
म्हणून नाण्यांपाशी जायच्या आधी
दोनदा साबण, मग पांढरे मोजे.
हे काकींनी नंतर सांगितलं. मला आधीच कळलं होतं:
एकतीस सेट, आणि कुठंच ठसा नाही.

माझं हरभट रोडला घड्याळाच्या पट्ट्यांचं दुकान.
नाणी हा जोडधंदा.
भिंग डोळ्याला लागलं की तुमच्यातला माणूस उठून जातो,
असं घरी म्हणतात.

शंभराचं नाणं: पस्तीस ग्रॅम, निम्मी चांदी,
पाठ आरशासारखी, वरची नक्षी साईसारखी दाट.
शंभर असं लिहिलंय ठळक,
पण शिवाजी मंडईत दाखवा,
मेथीची एक जुडी सुटणार नाही त्यावर.
अशा नाण्यासाठी टांकसाळीचा अर्ज, बँकेचा ड्राफ्ट,
आणि मग आठ महिने, एकदा तर चौदा,
पोस्टमनच्या सायकलीकडं कान.
ड्राफ्टचा नंबर, कमिशन, टपालखर्च,
सगळं अडतीच्या वहीत, जमा आणि नावे.
जमेच्या बाजूला नुसत्या तारखा.

एकोणीसला पाणी कपाटाच्या चौथ्या फळीला लागलं.
निळ्या मखमलीवर अजून गाळाची रेघ,
प्रमाणपत्रावरची सही फुटून जांभळी झालेली.
आत, कॅप्सूलमध्ये, नाणी कोरडी ठणठणीत.
‘डबा गेला की निम्मा भाव गेला,’ मी म्हणालो.
‘आतलं तर हाय तसंच हाय की.’
‘आहे. पण गिऱ्हाईक आधी डबा बघतं.’
काकी म्हणाल्या, ‘मुलगी बघायला येत्यात, त्यांचंबी तसंच.’

शेवटी एक साधा सेट. दोन हजार तीनचा, प्लॅस्टिकच्या पाकिटातला.
पाच रुपये आहेत, दोन आहेत, पन्नास पैसे आहेत.
रुपयाच्या जागी गोल खड्डा,
आणि वरचं प्लॅस्टिक दातानं फाडलेलं.

मी भिंग खाली ठेवलं.

त्या दिवशी पार्सल पोस्टात आलं होतं,
ते खिशात घालून हा माणूस मिरजेच्या दवाखान्यात.
रात्री दीडला कळलं.
फाटकाबाहेर लाल डब्याचा फोन, रुपया टाकायचा,
खिशात शंभराच्या तीन नोटा आणि टपऱ्या बंद.
वॉचमनकडं सुटे नव्हते. रिक्षावाला झोपलेला.
मग म्हणे, दिव्याखाली उभं राहून,
मोजे नाहीत, साबण नाही,
पिवळ्या बोटांनी...
‘माझ्या आईला इचलकरंजीला फोन केला.
मुलगी झाली, दोघी बऱ्या हायत.
एवढंच बोलले. पुढं लाईन तुटली.’

दुसरा रुपया घालून तो सेट भरता आला असता.
त्याच सालचा, त्याच टांकसाळीचा; माझ्याकडं पिशवीभर पडलेत.
त्यांनी भरला नाही.

कागदावर मी लिहिलं: अपूर्ण. पाकीट फाटलेलं.
आणि पुढं चाळीस रुपये.
काकींनी चष्मा चढवून आकडा वाचला.
‘ह्याचे सगळ्यात कमी?’
‘बाजार तसाच आहे, काकी.’
‘एकतीस डब्यांत कामाला आलेला रुपया तो एकटाच होता,’
त्या म्हणाल्या, रागानं नाही,
वजनात खोट निघाल्यावर हमालाला सांगावं तशा.
मी आकडा खोडला नाही.
ते पाकीट तेवढं त्यांनी मांडीखाली सरकवलं,
आणि बाकीच्यांचा सौदा पुढं चालू केला, चांगला घासून.

परतताना आयर्विन पुलाच्या अलीकडं चहा घेतला.
सुट्ट्यात एक जुना स्टीलचा रुपया आला, कडा बोथट.
उजेडाकडं धरून सालाखाली बघितलं.
मुंबईचा चौकट हवा होता.
तारा निघाला. हैदराबाद.
टपरीवाला म्हणाला, चालत नाही का, बदलून देऊ?